हजेरीपटावरची वर्षं आणि पेन्शन

आपल्या राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय नागपुरात आहे. या खात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या, रोपं लावणाऱ्या बाया-माणसांपैकी कितीतरी जण वर्षानुवर्षं रोजंदारीवर राहिले. रोपांची झाडं झाली, पण हजेरीपटावर ते तात्पुरतेच. त्यांच्या हक्काचा इतिहास आज ऐकू या.

१९७१ साली महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायदा केला. कायम नोकरीचे फायदे द्यावे लागू नयेत म्हणून कामगाराला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा, असं त्यात लिहिलं आहे. पुणे आणि अहमदनगर भागातले वनमजूर याच कायद्याच्या आधारे कोर्टात गेले. सरकार म्हणालं, वनखातं हा उद्योगच नाही, मग कायदा लागू कसा? डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पाच-सहा वर्षं तात्पुरतं राबवून घेतलं, यातच सरकारचा हेतू दिसतो, असं न्यायालयाने म्हटलं.

पुढे जानेवारी १९९६ मध्ये आणि नंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये शासन निर्णय निघाले. अट होती पाच वर्षांच्या कामाची, दरवर्षी किमान २४० दिवस. अनेक वनमजूर कायम झाले.

पण कायम होणं वेगळं आणि पेन्शन मिळणं वेगळं. जुन्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची पात्र सेवा लागते. उशिरा कायम झालेल्या बाईची रोजंदारीची वर्षं मोजली नाहीत, तर ही दहा वर्षं भरायची कशी? शिवाय १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. म्हणून २०१२ साली कायम झालेल्यांची नोकरी कोणत्या तारखेपासून धरायची, हाच कळीचा प्रश्न.

२०१९ साली उत्तर प्रदेशातल्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायम होण्याआधीची वर्कचार्ज सेवा पेन्शनसाठी मोजायला लावली. तिथले नियम वेगळे, त्यामुळे तो निकाल इथे आपोआप लागू होत नाही. पण वाद घालायला तो आधार आहे.

२०२२ साली अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. मानधनावर आहात, म्हणून हक्क नाही, हे उत्तर तिथे चाललं नाही.

या सगळ्या लढाईत कामाचे दिवस सिद्ध करावे लागतात. म्हणून मजुरीची पावती, बँकेचं पासबुक, हजेरीची नक्कल आणि कामाचा दाखला जपून ठेवा. गटातल्या ज्या बाईला वाचता येत नाही, तिचे कागद पुढच्या बैठकीत सगळ्या मिळून वर्षवार लावून द्या.