ब्रॉडवेवरचं अधांतरी पाऊल

१८३८ साली दागेरने पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. फोटोत तो रस्ता ओस दिसतो. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे जे हललं ते पुसलं गेलं. ठळक उरला एकच माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत उभा होता.

गर्दी नीट टिपली गेली ती स्टिरिओस्कोपच्या जमान्यात. दोन डोळ्यांसाठी शेजारी शेजारी दोन फोटो. भिंगांतून पाहिलं की चित्राला खोली येते. मला मात्र त्यामागचं गणित जास्त आवडतं. एवढ्याशा फोटोला छोटी काच पुरते, छोट्या काचेला कमी फोकल लेंथची, भरपूर प्रकाश घेणारी लेन्स चालते, आणि एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर येतं. त्यात कॅमेरा उंचावर ठेवला की लांबची माणसं फ्रेममध्ये फारशी सरकतही नाहीत. आकार सोडून वेग घ्यायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले असले सौदे रोज करतो. १८५९मध्ये एडवर्ड अँथनीने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचे असे फोटो काढले, भर पावसातलेसुद्धा. घोडागाड्या, छत्र्या, आणि चालता चालता गोठलेली माणसं.

ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी या फोटोंमध्ये पाय पाहिले. ते लेखक, शिवाय हार्वर्डमध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. स्टिरिओस्कोपचं इतकं वेड, की हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप स्वतः तयार केला आणि त्याचं पेटंटही घेतलं नाही.

तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. हजारो सैनिकांचे पाय कापावे लागत होते आणि त्यांना कृत्रिम पाय हवे होते. पण माणूस नेमका चालतो कसा? नुसत्या डोळ्यांना ते पकडता येत नाही, इतक्या पटकन पाऊल पडतं. चित्रकार अंदाजाने काढायचे. होम्स यांनी न्यूयॉर्क-पॅरिसच्या रस्त्यांवरची कार्डं घेतली आणि कुणाची टाच टेकतेय, कुणाचा गुडघा किती वाकलाय, कुणाचं पाऊल हवेत कसं तिरकं आहे, हे टिपलं. १८६३मध्ये 'अटलांटिक मंथली'त त्यांनी चालण्यावर आणि कृत्रिम पायांवर लेख लिहिला. मायब्रिजचा प्रसिद्ध धावता घोडा यायला अजून पंधरा वर्षं होती.

कामाला निघालेल्या त्या लोकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या साइटवर अशी हजारो कार्डं फुकट पाहता येतात. फोन आडवा धरा, नजर स्क्रीनच्या पलीकडे सैल सोडा. थोड्या सवयीने दोन्ही फोटो एक होतात. आधी छत्र्या दिसतील. मग खाली बघा.