पाठीवरचं मूल

मी मांजरसुंब्याहून बोलतेय. बचत गटांच्या कामामुळं माझं गावोगावच्या बैठकांना जाणं असतं. 3 जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती आणि 10 मार्चला पुण्यतिथी, हे दोन दिवस आपल्या गटांत चुकत नाहीत. फोटोला हार घालतो, कुणीतरी चार ओळी बोलतं. त्यातलं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांचं निधन झालं." मग टाळ्या होतात, चहा येतो आणि हप्ते गोळा करायला सुरुवात होते.

एकदा अशाच बैठकीत मागं बसलेल्या एका आजीनं विचारलं, "सेवा म्हंजी नेमकं काय केलं गं त्यांनी?" मला धड उत्तर देता आलं नाही. बी.ए. झालेली बाई मी, पण मलाही ते एक वाक्यच पाठ होतं. घरी येऊन पुस्तकं काढली. आजचं बोलणं म्हणजे त्या आजीला दिलेलं उत्तर आहे, जरा उशिरा दिलेलं.

गोष्ट 1896 ची. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात एक वेगळाच ताप सुरू झाला. डॉक्टर व्हिएगस यांनी तो ओळखला. तो प्लेग होता. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि थोड्याच दिवसांत माणूस जायचं. आधी घरात उंदीर मरून पडायचे. पण उंदरावरच्या पिसवांमुळं रोग पसरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. गाठीवर खात्रीचं औषध नव्हतं. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं मुंबईत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. पण लस गावोगाव पोचायला वेळ लागणार होता. घाबरलेली माणसं मुंबई सोडून आपापल्या गावाकडं निघाली. 2020 च्या उन्हाळ्यात रस्त्यानं चालणारी माणसं आपण पाहिलीत, तसंच काहीसं डोळ्यांपुढं आणा.

साथ पुण्यात पोचली. 4 फेब्रुवारी 1897 ला इंग्रज सरकारनं साथरोगाचा कायदा केला. मैत्रिणींनो, 2020 च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात करोनासाठी लागू झाला तो हाच, सव्वाशे वर्षांचा जुना कायदा. पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली आणि रँड हा तिचा प्रमुख झाला. 13 मार्चपासून गोरे सोल्जर घरोघर शिरून रोगी शोधू लागले. देवघर, माजघर काही सोडत नव्हते. माणसाला उचलून इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना छावणीत. त्या धाकानं लोक आजारी माणूस लपवायला लागले. रोगाची भीती होतीच, त्यात सरकारची भीती मिसळली. हा राग इतका साचला की 22 जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. शाळेच्या पुस्तकात आपण हे वाचलेलं असतं.

पण सोल्जर घरात शिरायच्या आधीच, त्याच पुण्याच्या कडेला, प्लेगशी दुसऱ्या रीतीनं लढणं सुरू झालं होतं. ते आपल्या पुस्तकात एका ओळीत उरकलं आहे.

सावित्रीमाई तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. जोतीराव 1890 मध्ये गेले होते. मुलगा यशवंत हा पोटचा नव्हता. फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा द्यायला या नवराबायकोनं 1863 मध्ये घर उघडलं होतं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं हे बाळ. त्यांनी ते दत्तक घेतलं, शिकवलं, डॉक्टर केलं. यशवंतराव लष्करात नोकरीला होते. साथ आली तसं माईंनी त्यांना रजा घेऊन बोलावून घेतलं. एका आईनं लेकराला साथीपासून लांब ठेवायच्या ऐवजी साथीत बोलावलं, हे वाचून मी पुस्तक जरा वेळ खाली ठेवलं होतं. माझ्या मुलाला मी बोलावलं असतं का? खरं सांगते, नसतं.

हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, गावापासून लांब मोकळ्या जागेत त्यांनी दवाखाना सुरू केला. ससाणे म्हणजे यशवंतरावांची सासुरवाडी. माई नुसत्या देखरेखीला नव्हत्या. कुठं कोण आजारी आहे ते शोधायचं, त्याला माळावर आणायचं, सेवा करायची, हे काम त्या स्वतः करत होत्या.

एक दिवस कळलं की मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरातलं मूल प्लेगनं फणफणलंय. माई तिथं गेल्या. त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतलं आणि माळावरच्या दवाखान्यात आणलं. आज मुंढवा आणि हडपसर ही दोन्ही गावं पुणे शहरात मिसळलीत. तेव्हा मधे रानं होती, पायवाट होती. सहासष्टाव्या वर्षी तापलेलं मूल पाठीवर घेऊन ती वाट चालणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायची गरज नाही. आपण पाटी, मोळी, उसाची बांधलेली मोळी उचलणाऱ्या बाया आहोत. आणि ज्या वस्तीची सावलीसुद्धा लोक टाळत होते, त्या वस्तीतलं ते मूल त्यांच्या मानेवर श्वास टाकत होतं.

ते मूल वाचलं, असं सांगतात. माईंना मात्र प्लेग झाला. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

तर आजी, सेवा म्हणजे हे. एक मूल, एक पाठ आणि तेवढी वाट.

आता दुसरी गोष्ट. हे सगळं एका दिवसात सुचलेलं नव्हतं. 1876-77 ला मोठा दुष्काळ पडला होता. त्याच्या तीन वर्षं आधी, 24 सप्टेंबर 1873 ला, सत्यशोधक समाज सुरू झाला होता. दुष्काळात समाजाची माणसं गावोगाव फिरली. माई स्वतः जुन्नर भागात होत्या. एप्रिल 1877 मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. उपाशी मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम काढला गेला. धान्य मागायचं, रांधायचं, हिशोब ठेवायचा, कोण उपाशी आहे ते शोधायचं, याची सवय तेव्हा लागली. वीस वर्षांनी प्लेग आला तेव्हा हात तयार होते. डॉक्टर झालेला मुलगा घरचा होता, जागा सोयऱ्यांची होती आणि वस्तीतली माणसं त्यांना ओळखत होती. माणसं सावित्रीमाईंना दार उघडत होती ती या ओळखीमुळं.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांचे जे हाल होत होते त्याबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. तेही याच कामात धरायला हवं. रोग्याला पाणी पाजणं ही माया, आणि त्याचे हाल का होतात असं विचारणं हीसुद्धा मायाच.

आता आपल्याकडं येऊ. 2020 चा एप्रिल. आपला जिल्हा उसाच्या कोयत्याचा. दिवाळीनंतर गेलेली माणसं मार्चअखेर परत निघायच्या बेतात असतानाच टाळेबंदी लागली. एक लाखाहून जास्त ऊसतोड कामगार ठिकठिकाणच्या कारखान्यांवर अडकले. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं त्यांना तपासून गावी सोडायची परवानगी दिली. पण गावांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या. आमच्याकडंही टाकल्या होत्या. मांजरसुंबा चौफुलीचं गाव, एरवी रात्रंदिवस गाड्यांची ये-जा. त्या दिवसांत भर दुपारी रस्त्यावर कुत्रं झोपायचं.

एक जोडपं लहान लेकरासह परत आलं. चौदा दिवस शिवारात, पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं ठरलं. नियम बरोबरच होता. पण त्यांच्या पाण्याचं काय, पिठाचं काय, हे कुणी बोललं नाही. मीही दाराच्या आतून बघत राहिले. लेकरू रडल्याचा आवाज सांजच्याला घरापर्यंत यायचा. मी बैठकीत माणुसकीवर बोलणारी बाई, आणि मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गटातली एक मावशी, जिची स्वतःची लेक कोयत्यावर अडकलेली होती, कुणाला न विचारता भाकरी आणि कळशी घेऊन गेली. बांधावरच्या दगडावर ठेवली, लांब उभी राहून हाक मारली आणि परत आली. मला म्हणाली, "रोग लांब ठेवायचा का माणूस?" संध्याकाळी आम्ही अंतर ठेवून वडाखाली जमलो. उशिरा येणाऱ्यांकडून घेतलेल्या दंडाचे 640 रुपये गटाच्या पेटीत होते. त्यातून डाळ, तेल, साबण आणला. हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पाळी लिहिली. बाया बारा, दिवस तेरा. राहिलेला एक दिवस मी घेतला. रस्त्यावर काटे टाका असं ज्या बाईनं मोठ्यानं म्हटलं होतं, तिनं चौथ्या दिवशी लेकरासाठी दूध नेलं. कुणी तिला काही बोललं नाही.

पुढं जनधन खात्यात तीन महिने 500 रुपये आले, तेव्हा म्हाताऱ्या बायांना बँकेपर्यंत सोबत कोण करील, हे त्याच पानावर लिहिलं गेलं. मास्क कुणी शिवायचे, तेही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत आमच्यातल्या एकीचा नवरा गेला. आम्हाला तिच्याजवळ बसतासुद्धा आलं नाही. ते शल्य अजून आहे. नंतर करोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना 50 हजार रुपये मिळणार असं कळलं, तेव्हा दोघीजणी तिच्यासोबत दाखले गोळा करत फिरल्या. मृत्यूचा दाखला, तपासणीचा कागद, बँकेचं पासबुक. कागदांची ती पिशवी म्हणजे आमच्या वाटणीचं पाठीवरचं मूल होतं, असं मला आता वाटतं.

मैत्रिणींनो, साथीत माणूस चांगलं वागतं तसं वाईटही वागतं, आणि पुष्कळदा एकच माणूस दोन्ही वागतं. काटे टाकणारे हात आणि दूध नेणारे हात आमच्या गावात एकच होते. फरक पडला तो पेटीत आधीपासून पैसे होते म्हणून, बारा जणी एकमेकींना ओळखत होत्या म्हणून, आणि एक बाई आधी निघाली म्हणून. त्या दिवशी नवा गट काढायला बसलो असतो तर चौदा दिवस नावं लिहिण्यातच गेले असते.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत आपल्या वहीचं शेवटचं पान उघडा. गावात एकटी राहणारी म्हातारी कोण, कोयत्याला गेलेल्यांची मुलं कुणाकडं आहेत, कोण बाळंतीण होणार आहे, रात्री गाडी कुणाची मिळेल, एवढं लिहून ठेवा. दंडाची रक्कम वेगळी काढा, तिला हात लावू नका. साथ सांगून येत नाही, दुष्काळ तर आपल्याला पाठच आहे.

ज्या आजीनं प्रश्न विचारला तिला मी पुढच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग पहिलं नाव माझं लिहा. एकटी राहते मी." आम्ही लिहिलं. त्याच्यासमोर सोबतीला जाणारीचं नाव लिहायचं होतं, तर तीन हात वर झाले.