देवळाची मागची बाजू

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलं की मोठीमाय आधी गाभाऱ्याकडं जायची नाही. देवळाला वळसा घालून मागं जायची. इतर शिवालयांत नंदी समोर असतो, औंढ्यात तो मागच्या अंगाला आहे. त्याच्यापाशी टेकून ती आम्हा पोरांना दरवेळी तीच गोष्ट सांगायची. नर्सीचे नामदेव इथं कीर्तनाला उभे राहिले. जातीनं शिंपी म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं. नामदेव निमूट मागं जाऊन बसले, तिथं गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. ही कथा पंजाबपर्यंत पोचली. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, त्यांतही देवळाचं हे फिरणं आहे.

गोष्ट संपली की मोठीमाय एक वाक्य जोडायची. "नामा पुन्हा पुढं गेला नाई बरं. फिरावं लागलं ते देवळाला."

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांची चुलती. विशी-पंचविशीत नवरा गेला, मूलबाळ नाही, जमीन म्हणावी तर मुरमाड दीड एकर. आमच्या वाड्याला लागून तिची एक खोली होती. तिच्या सासऱ्यानं निजामाचं राज्य पाहिलेलं. त्याच्या तोंडच्या गोष्टी तिनं आम्हाला दिल्या: गावात सरकारी माणूस आला की बापे ज्वारीच्या पिकात लपायचे, कारण आलेला माणूस वेठीला धरणार, त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून न्यायला लावणार, आणि मजुरी मागायची सोय नाही. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. पण 'सरकार आलं' म्हटलं की अंग चोरायची सवय गावातून लवकर गेली नाही. ती गेली, असं मोठीमाय सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात.

1972. आमचा हिंगोली भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1999 ला. आधीची दोन वर्षं ओढाताणीची, आणि या वर्षी पावसानं पाठच फिरवली. दुकानात धान्य आलं तरी विकत घ्यायला गाठीला पैसा नव्हता, कारण शेतात काम नव्हतं. दुष्काळात माणूस मरतो तो असा. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. तिच्या भाकरीचा रंग मोठीमायला शेवटपर्यंत आठवत होता, चव मात्र ती सांगायची नाही.

मग पाझर तलावाचं काम निघालं. आमच्या शिवारात, गावापासून चालत अर्ध्या तासावर. मोठीमाय पहिल्या दिवशी गेली तेव्हा तिला वाटलं, ही वेठच आहे. आठवड्यानं मस्टरवर अंगठा घेऊन मुकादमानं तिच्या हातावर पैसे ठेवले. "माह्या हातावर," असं ती म्हणायची, आणि तळवा पुढं करून दाखवायची. तोवर तिची मजुरी सासरा नाहीतर दीर आणायचा. इथं खंतीचं माप होई, आणि माती जितकी निघेल तितका दाम. खोदणारी बाई की बाप्या, याचा हिशेब त्या मापात नव्हता. दुपारी सुकडी मिळायची. ती निम्मी पदराला बांधून आणायची. माझे वडील तेव्हा लहान होते, ते वाटेकडं डोळे लावून बसायचे.

1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पैनगंगेपलीकडच्या पुसद भागातले. पण या कल्पनेचं मूळ वि. स. पागे यांच्याकडं जातं. विधान परिषदेच्या सभापतिपदावर असतानाही त्यांनी तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूरकडं, लहानसा प्रयोग करून घेतला होता: हात राबायला तयार असतील तर सरकारनं काम दिलंच पाहिजे. दुष्काळ सरला तरी ही मागणी सरली नाही. 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी 1975 ला नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि तेवढीच भर सरकारनं घालायची ठरली. माझ्या पगारातून दरमहा कापले जाणारे 200 रुपये तेच. पगारपत्रकावर ती ओळ दिसली की मला त्या पाझर तलावाचा बांध दिसतो. देशाला असा कायदा मिळायला 2005 साल उजाडलं.

एवढं सांगून थांबलो तर मोठीमायनं सांगितलेलं अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कामावर रांजण दोन होते. मातीची टोपली एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जायची, तेव्हा कोणाला विटाळ होत नव्हता. पण तहान लागली की दलित वस्तीतल्या बाया लांब उभ्या राहायच्या आणि वरून कोणी ओतील तेव्हा ओंजळीनं प्यायच्या. "कामाला एक रांग अन् पाण्याला दोन," ती म्हणायची. मी एकदा विचारलं, तू काय केलंस? ती बराच वेळ गप्प राहिली. "काई नाई केलं लेकरा. आमच्या रांजणातलं पेले." त्याच 1972 साली आमच्याच परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात, विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित बायांची धिंड निघाली होती. देऊळ फिरलं, पण पुरतं फिरलं नाही, हे तिला कळत होतं. म्हणून ती नंदीपाशी इतका वेळ बसत असावी.

थकल्यावर तिला 'निराधाराचा पगार' सुरू झाला. संजय गांधी निराधार योजना 1980 ची, पुढं वृद्धांसाठी श्रावणबाळ. कागदावर नाव कोणतंही असो, गावात त्याला पगारच म्हणतात. आता तो महिन्याला 1500 रुपये आहे. पण त्याच्या दारातली अट पाहा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. 2025-26 ला राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. एखादी विधवा एका हमीवर 68 दिवस राबली की दुसऱ्या मदतीच्या यादीतून बाहेर पडते. 100 दिवस राबली तर तिची कमाई 31,200. एका हातानं काम देणाऱ्या सरकारनं दुसऱ्या हातानं तिला श्रीमंत ठरवावं, हे मला सहन होत नाही. 21,000 चा हा आकडा वाढला पाहिजे. तो ठरवणाऱ्यांनी एकदा 21,000 ला 365 नी भागून पाहावं: सगळ्या घराला दिवसाचे 57 रुपये.

मोठीमाय दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला जायची. जिवंत आहे हे सांगायला एसटीचं तिकीट काढायचं, उन्हात रांग धरायची, आणि कधी कधी 'उद्या या' ऐकून परतायचं. एका वर्षी तिचा पगार सहा महिने बंद होता. कारण कोणी सांगितलं नाही. ती कोणाला वाईटही बोलली नाही. फक्त औंढ्याला गेलो तेव्हा म्हणाली, "आज मागं बसू दे जरा जास्ती."

शेवटची दोन वर्षं ती खाटेवरच होती. एका सकाळी पोस्टमन अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. खात्यातले पैसे घरपोच मिळायची सोय पोस्टानं सुरू केली होती. माती उपसून, खडी फोडून तिच्या बोटांवरच्या रेघा पुसल्या होत्या. यंत्रानं एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं. पोस्टमननं न कंटाळता तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, दुसरं बोट लावून पाहिलं, पुन्हा अंगठा लावला. पाचव्यांदा हिरवा दिवा लागला. त्यानं नोटा मोजून तिच्या तळव्यावर ठेवल्या.

तिनं मूठ मिटली नाही. दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"अन् रांग कुठंय रं?"