कहव्यावरचा खटला

'कहवा' हा शब्द अरबीत कॉफीच्या आधीपासून आहे. जुन्या अरबी काव्यात तो मद्याचे एक नाव म्हणून येतो. पुढे कॉफी आली आणि तिला हेच नाव मिळाले. तिच्यावर नंतर जे बालंट आले त्याची निम्मी तयारी या नावानेच करून ठेवली होती, असे आम्हांला वाटते.

झाड मूळचे इथिओपियाचे. पेयाचा खात्रीचा इतिहास मात्र पंधराव्या शतकातल्या येमेनमध्ये, सुफींच्या मंडळांत सुरू होतो. बिया खाऊन नाचणाऱ्या बकऱ्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती बरीच नंतरची. रात्रभर जिक्र करायचा तर डोळा लागता कामा नये, एवढी साधी गरज होती. कैरोत अल-अजहरच्या येमेनी वस्तीत सोमवारच्या आणि शुक्रवारच्या रात्री तांबड्या मातीच्या मोठ्या भांड्यात कहवा असे. शेख लहान पळीने तो काढून उजवीकडून एकेकाला देत आणि जिक्र चालूच राही. अब्दुल कादिर अल-जझिरी यांनी सोळाव्या शतकात कहव्याच्या बाजूने जो ग्रंथ लिहिला, त्यात हे वर्णन आहे.

मक्केतला प्रसंगही त्यांनीच नोंदवला आहे. साल १५११. मम्लूक राजवटीचा मोहतसिब खैर बेग याला एका रात्री हरमजवळ कंदिलाच्या उजेडात काही माणसे पेला फिरवीत बसलेली दिसली. त्याला पाहताच त्यांनी कंदील विझवले. एवढ्यावर संशय पक्का झाला! उलेमांची सभा भरली. दोन इराणी हकिमांनी कहवा थंड व कोरड्या प्रकृतीचा, म्हणून अपायकारक, अशी साक्ष दिली. कहवा अगदी दारूसारखाच चढतो, असे एका साक्षीदाराने छातीठोकपणे सांगितले. दारू प्यायल्याशिवाय हे कसे कळले, असा प्रश्न निघाला आणि शिक्षा त्यालाच झाली, असे सांगतात. तरी बंदी आली, कहवा रस्त्यावर जाळला गेला. कैरोहून सुलतानाचा हुकूम आला तो मात्र सौम्य होता : त्यात रोख बैठकींवर होता, पेयावर सरसकट बंदी नव्हती.

आमच्या मते खटल्याचे मर्म या हुकमात आहे. मशिदीबाहेर, दरबाराबाहेर चार माणसे जमतात, बुद्धिबळ खेळतात, कारभाराविषयी बोलतात, ही खरी अडचण होती. इस्तंबूलमध्ये १६३३ साली सुलतान मुराद चौथा याने कहवाखाने बंद केले, तेव्हाही बोलणाऱ्या तोंडांचीच भीती होती.

या साऱ्यात आम्हांला आदर वाटतो तो कैरोच्या काझी मुहम्मद इब्न इलियास यांचा. १५३० च्या दशकात एका वाइजाच्या भाषणाने चिथावलेल्या जमावाने तिथले कहवाखाने फोडले. प्रकरण काझींकडे गेले. त्यांनी उलेमांची मते विचारलीच, शिवाय घरी कहवा करवून लोकांना पाजला आणि बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसले. कोणाचीही बुद्धी ढळली नाही. कहवा जायज ठरला.

हिंदुस्थानात कॉफी लागवडीच्या आधीच पोहोचली होती. सर टॉमस रो याचा धर्मगुरू एडवर्ड टेरी जहांगीरच्या काळात इथे होता. मद्य न पिणारे धार्मिक मुसलमान काळ्या बियांचा उकळलेला कहवा घेतात, असे त्याने लिहिले आहे. मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात पेरणारे बाबा बुढन यांची आख्यायिका त्यानंतरची. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते.

आता त्या हकिमांविषयी. त्यांचे सारेच खोटे होते असे नाही. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत अडेनोसिन साचते आणि झोप येते; कॉफीतले कॅफिन त्याची जागा अडवून धरते. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. असरनंतर घेतलेल्या कपातले जवळजवळ निम्मे कॅफिन पाच तासांनीही अंगात असते. काहींना धडधड होते, काहींना जळजळ. गरोदर स्त्रियांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, म्हणजे साधारण दोन लहान कप. आणि रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोजांत दुपारनंतर जे डोके ठणकते, त्याचा दोष आपण भुकेला देतो. पुष्कळदा ती अचानक तुटलेली चहा-कॉफी असते. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात रोज थोडी थोडी कमी करत गेल्यास हा त्रास बराच टळतो.