माणिकबाग : एका घराची योजना व तिचे भवितव्य

घर बांधणे निराळे आणि घर लावणे निराळे. पहिले काम गवंड्या-सुतारांचे. दुसरे आमच्याकडे परंपरेने घरातील वडीलधाऱ्या बायकामाणसांचे. देवघर कोठे, जाते कोठे, पाहुण्यांची बैठक कोणत्या भिंतीशी, हे ठरविण्यास परक्या माणसाला बोलवावे, ही कल्पना आमच्या आजोबांस चमत्कारिकच वाटली असती. आता मात्र मध्यमवर्गीय कुटुंबेही राहत्या घराचे रूप पालटताना सजावटकारास पाचारण करतात. तो नकाशे काढतो, रंगांचे नमुने पुढे ठेवतो, आणि घरधनी आपल्याच घरात पाहुण्यासारखे मान डोलावीत बसतात. अशा वेळी घर कोणाचे, राहणाराचे की योजणाराचे, असा प्रश्न सहजच उभा राहतो. त्याच्या विचारास इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचा इतिहास फार उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

होळकरांच्या वास्तूंचा क्रम पाहिला म्हणजे काळाचा ओघ ध्यानात येतो. शहरातील जुना राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्यात मराठी वाड्याची आठवण स्पष्ट आहे. १९२१ च्या सुमारास पूर्णतेस गेलेला लालबाग हा युरोपातील जुन्या राजघराण्यांच्या थाटाचा, नक्षीने आणि सोनेरी वेलबुट्टीने भरलेला. माणिकबाग या दोहोंहून सर्वस्वी वेगळी.

यशवंतराव होळकर यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव यांनी १९२६ साली गादी सोडल्यावर तिचा वारसा त्यांच्याकडे आला. मात्र ते वयाने लहान असल्यामुळे पूर्ण अधिकार १९३० साली मिळाले. मधल्या काळात ते ऑक्सफर्ड येथे शिकत होते, आणि तेथेच त्यांचा एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन स्थापत्यकाराशी परिचय झाला. मुथेसियसचा जन्म १९०४ चा. म्हणजे घर सांगणारा आणि घर योजणारा, दोघेही पंचविशीच्या आसपासचे! मुथेसियसचे वडील हेर्मान यांनी लंडनच्या जर्मन वकिलातीत असताना इंग्रजांच्या राहत्या घरांचा बारकाईने अभ्यास करून त्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. घराची शोभा राहणाराच्या गरजेतून निघाली पाहिजे, हा विचार मुलास घरातूनच मिळाला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३० ते १९३३ या वर्षांत माणिकबाग आकारास आली. मुथेसियसने केवळ भिंती योजल्या नाहीत. दिवे, दारांच्या मुठी आणि पुष्कळसे सामानही त्याने स्वतः रेखाटले. वाचनालयासाठी त्याने केलेल्या लाल आरामखुर्च्यांत वाचण्याचे दिवे खुर्चीतच बसविलेले होते. राहणारा येथे काय करणार, हे आधी विचारून मग वस्तू घडविली, याचा हा उत्तम दाखला होय. माळव्याच्या उन्हाळ्यासाठी हवा थंड ठेवण्याची यांत्रिक सोयही केली. उरलेल्या वस्तू त्या काळच्या नामांकित कलावंतांकडून आणविल्या : रुलमानचे लेखनाचे मेज, आयलीन ग्रे यांची खुर्ची, सोन्यो आणि आलिक्स यांनी केलेले धातूचे व काचेचे पलंग, दा सिल्वा ब्रुन्स यांचे गालिचे. जुन्या संस्थानिकांच्या महालांत महागड्या वस्तूंची गर्दी असे, पण त्यांचे एकमेकांशी काही नाते नसे. येथे मात्र सर्व वस्तू एका विचाराने बांधलेल्या होत्या.

या योजनेवर आक्षेप नव्हते असे नाही. ती वर्षे जगभर मंदीची होती, आणि संस्थानिकाचे वैभव शेवटी रयतेच्या घामावरच उभे असते, हे विसरून चालणार नाही. शिवाय या घरात माळव्याच्या सुताराचा किंवा महेश्वरच्या विणकराचा हात कितीसा होता? कलेच्या दृष्टीने जी एकरूपता गुण ठरली, तीच एका अर्थी उणीवही होती. जेथे प्रत्येक मूठ आणि प्रत्येक दिवा आधीच ठरलेला, तेथे आजीची पेटी कोठे ठेवावी?

आणि नियतीचा घाला फार लवकर पडला. ज्या दांपत्यासाठी हे घर योजले, त्यांतील महाराणी संयोगिताबाई, कागलच्या घाटग्यांची कन्या, १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या. महाराजांनी ब्रांकुशी या शिल्पकाराकडून ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर उभारण्याचा बेत होता. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः इंदुरास येऊन गेला. परंतु मंदिर कधीच उभे राहिले नाही. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि १९६१ साली यशवंतरावही गेले. संगमरवराचे दोन पक्षी पुढे ऑस्ट्रेलियातील कॅनबेरास पोचले. राजवाड्यातील सामानाचा १९८० साली मोन्टे कार्लो येथे लिलाव झाला. आणि वास्तूत केंद्रीय अबकारी खात्याची कचेरी आली. २०१९ साली पॅरिसमधील प्रदर्शनात त्यांतील कित्येक वस्तू पुन्हा एकत्र मांडल्या गेल्या. लोकांनी त्या डोळे भरून पाहिल्या. परंतु त्या खुर्च्यांत बसून कोणी पुस्तक वाचले नाही.

यावरून कुशल योजकाचा सल्ला घेऊच नये, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. मुथेसियसने जे साधले ते राहणाराच्या सवयी जाणूनच साधले, आणि यशवंतरावांनीही त्याच्या हाती घर सोपविले ते स्वतःची आवड पारखून. प्रत्येक घरधन्याने एवढे तरी करावे. मात्र नकाशात एखादा कोपरा मोकळा सोडण्यास सांगावे. नवी सून काय घेऊन येईल, मुलगा कोणता छंद धरील, म्हातारपणी कोणत्या खिडकीशी बसावेसे वाटेल, हे योजकास ठाऊक नसते, आपल्यासही नसते. घर पुरे होते ते सामान लागल्याच्या दिवशी नव्हे, त्यात माणसे राहून गेल्यावर. माणिकबागेस सर्व काही लाभले. राहण्याची वर्षे तेवढी थोडी लाभली.