भरण आणि भार

परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुटुंबाची वैद्यकीय तपासणी हा विषय साहित्याच्या अभ्यासकांना आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. आमचे मत वेगळे आहे. अपंग मूल असलेल्या कुटुंबाला दार उघडायचे की नाही, हे गेली दीडशे वर्षे कायद्यातल्या मोजक्या शब्दांनी ठरवले आहे. सातारा-सांगलीच्या परिसरात उभे राहून या इतिहासाकडे पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. शब्द हळूहळू सौम्य होत गेले. पण एक जुना प्रश्न विचारणे मात्र कायद्याने सोडून दिले. तो प्रश्न असा: या मुलाला सांभाळणार कोण?

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादिलेल्या धर्मकोशाचे व्यवहारकांड १९३७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. दायविभागाची प्राचीन वचने त्यात एकत्र सापडतात. याज्ञवल्क्याने पांगळा, उन्मत्त, जड, अंध, असाध्य रोगी अशांना वडिलार्जित धनात वाटा नाकारला. मात्र त्यांचे भरण कुटुंबाने केलेच पाहिजे, असेही सांगितले. त्यांच्या निर्दोष मुलांना वाट्याचा अधिकार दिला. मिताक्षरेने याच वचनांवर भाष्य केले आणि ब्रिटिश न्यायालयांनी पश्चिम महाराष्ट्रात तीच परंपरा चालवली. जन्मतः वेडा वा जड नसेल, तर केवळ रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोषापायी कोणालाही वारसा नाकारता येणार नाही, असे १९२८ च्या कायद्याने ठरले. उरलेला अपवाद १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुसला. ही व्यवस्था न्याय्य होती असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. तिने माणसाचा हक्क काढून घेतला. तरीही त्या माणसाचे घरातले स्थान तिने गृहीत धरले होते, एवढे नोंदवणे भाग आहे.

आता कॅनडाचा १८६९ चा कायदा पाहावा. येणाऱ्या जहाजावर वेडे, जड, मूकबधिर, अंध वा दुर्बल उतारू असतील, तर कप्तानाने तसे कळवायचे आणि त्यांना पोसण्यास समर्थ नातेवाईक सोबत आहेत काय, हेही कळवायचे. कोणत्याही कुटुंबात न मोडणाऱ्या अशा उतारूसाठी ३०० डॉलरचा जामीन द्यावा लागे. शब्द कठोर आहेत, हेतूही खर्च टाळण्याचाच आहे. परंतु नोंदीत कुटुंबाला जागा आहे. १९०६ च्या कायद्याने मतिमंद आणि अपस्मारी व्यक्तींना सरसकट बंदी केली. अंध, मूकबधिर आणि दुर्बल यांच्यासाठी मात्र कुटुंबाने हमी दिल्यास वाट मोकळी ठेवली. मनाचे व्यंग आणि शरीराचे व्यंग यांत अशी भिंत उभी राहिली. अमेरिकेनेही १८८२ पासून, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा आणि त्यामुळे सार्वजनिक खर्चावर पडणारा, अशी कोटी आपल्या कायद्यात घातलीच होती.

हे सारे घडत असताना सातारा-सांगलीच्या माणसाला ही तपासणी क्वचितच लागू पडली, कारण त्याच्यासाठी दारच बंद होते. १९०१ पासून ऑस्ट्रेलियात श्रुतलेखनाची परीक्षा होती. १९०८ पासून कॅनडात अखंड प्रवासाची अट होती. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर हिंदी मजुरांना अंकुशकृमीचे निमित्त करून परत धाडले जाई. वंशाच्या नावाने नाकारणे अवघड झाले की रोगाचे नाव पुढे करता येते, हा धडा त्या काळाचा आहे.

दारे उघडली ती पुढे. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली, ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये वर्णभेदी धोरणाचे उरलेसुरले अवशेष काढले. शिक्षण आणि व्यवसाय यांना भाव आला. १९४७ साली सुरू झालेले आणि पुढे वालचंद हे नाव लाभलेले सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० चे कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६२ चे मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय : नव्या पद्धतीला हवी असणारी पात्रता देणाऱ्या संस्था आता याच परिसरात उभ्या होत्या. आईवडिलांची पदवी, वय, अनुभव यांचे गुण मिळू लागले. मुलाच्या व्यंगाची मात्र किंमत मोजली जाऊ लागली.

कारण याच सुमारास कायद्याची भाषाही बदलली. कॅनडाच्या १९७६ च्या कायद्यातून जुने अपमानकारक शब्द गेले आणि त्यांच्या जागी आरोग्यसेवा व समाजसेवा यांवरील ‘अवाजवी मागणी’ हा शब्दप्रयोग आला. ऑस्ट्रेलियाने ‘लक्षणीय खर्च’ म्हटले. कोणाची निंदा नाही, केवळ बेरीज. पण या बेरजेत कुटुंब कोठेच नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या नियमात तर अर्जदार ती सेवा प्रत्यक्षात घेणार आहे की नाही, हे पाहण्याचे कारणच नाही. त्या व्यंगाच्या माणसाला साधारणतः किती खर्च येईल, एवढेच मोजायचे. कुटुंब पुन्हा दिसते ते नकाराच्या वेळी. एकाची तपासणी नापास झाली की सर्वांचा अर्ज फेटाळला जातो. मूल आजी-आजोबांपाशी गावी ठेवून जाऊ म्हटले, तरी सहसा त्याचीही तपासणी चुकत नाही. त्यासाठी सांगलीच्या कुटुंबाने मुंबईसारख्या शहरातल्या नेमून दिलेल्या डॉक्टरांपुढे उभे राहायचे आणि आपले मूल सरासरीत बसते काय याचा निवाडा ऐकायचा.

या हिशेबातली विसंगती २००८ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या हॉर्शम गावी उघडी पडली. डॉक्टरांची वाण असलेल्या त्या भागात एक जर्मन डॉक्टर काम करीत होते. त्यांच्या मुलाला डाउन सिंड्रोम असल्याने कुटुंबाचा कायम वास्तव्याचा अर्ज फेटाळला गेला. गावकऱ्यांनी आवाज उठवला आणि मंत्र्यांना आपला विशेष अधिकार वापरून तो मंजूर करावा लागला. हे वाचताना आम्हांला वानलेसवाडीची आठवण होते. ओंटारिओत १८६५ साली जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये सांगलीस आले, पुढे मिरजेस गेले आणि १८९४ मध्ये तेथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. परका डॉक्टर येथे रुग्णांचा भार उचलण्यास आला, म्हणून त्याचे नाव वस्तीला मिळाले. हॉर्शमच्या डॉक्टरने तेच केले. पण कायद्याला त्याचे घर केवळ खर्चाचे कलम म्हणून दिसले.

२००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हिलेविट्झ खटल्यात जुना प्रश्न पुन्हा विचारला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची पारख निव्वळ निदानावरून करू नये. त्या कुटुंबाची तयारी आणि ऐपतही पाहावी, असा तो निर्णय होता. १८६९ चा कप्तान जे लिहून देत असे, ते आधुनिक अधिकाऱ्याला पुन्हा विचारावे लागले. २०१८ मध्ये कॅनडाने खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून वगळला. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये मर्यादा ५१,००० वरून ८६,००० डॉलरवर नेली. मात्र तेथील १९९२ च्या अपंगत्व-भेदभावविरोधी कायद्यातून स्थलांतराचा कायदा वगळलेला आहे, आणि २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंगहक्क करार स्वीकारतानाही त्या देशाने या तपासणीची सोय राखून ठेवली.

कुटुंबाच्या ऐपतीचा विचार झाला की प्रश्न सुटला, असेही आम्ही मानत नाही. ऐपत पाहायची म्हटले की श्रीमंताच्या मुलाला वाट मिळते आणि कर्ज काढून निघालेल्या शिक्षकाच्या मुलाला मिळत नाही. स्मृतींनी भरण दिले आणि हक्क काढून घेतला. नव्या कायद्यांनी हक्कांची भाषा स्वीकारली आणि सीमेवर भरणाचाच भार म्हणून हिशेब मांडला. भार आणि भरण हे शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. मूल वाढताना घेते तसे देतेही, हे या दोन्ही व्यवस्थांच्या वहीत कोठेच नोंदलेले नाही. मर्यादेचा आकडा वाढवल्याने थोडी अधिक मुले आत येतील, आणि ते चांगलेच होईल. परंतु त्या वहीत जमेची बाजू उघडली जात नाही, तोवर सौम्य झालेल्या शब्दांवर समाधान मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.