अक्रोडाचे लाकूड

अक्रोड (जुग्लान्स रेजिया, कुल जुग्लँडेसी) या पानझडी वृक्षाचे कठीण, मौल्यवान लाकूड. रसकाष्ठ फिकट, तर मध्यकाष्ठ करडे-तपकिरी असून त्यावर गडद रेषा असतात. वजन मध्यम, घ. मी.ला सुमारे ६४० किग्रॅ. नीट वाळवल्यास ते फारसे आकसत वा पिळवटत नाही. रंधा व पटाशीने सफाईदार काम होते आणि पॉलिश उत्तम बसते. धक्के सोसत असल्याने बंदुकांच्या दस्त्यांसाठी ते पूर्वापार वापरतात. फर्निचर व व्हिनियरसाठीही त्याला मागणी आहे. श्रीनगरचे कारागीर त्यावर चिनारची पाने, कमळे व द्राक्षवेली कोरतात. मुळाजवळचे गडद लाकूड कोरीव कामास सर्वोत्तम, फांद्यांचे सर्वांत फिकट. जम्मू-काश्मीरमध्ये १९६९च्या कायद्यानुसार अक्रोड तोडण्यास सरकारी परवानगी लागते.